चार नंबरची स्लाइड

समजा, तुमच्या हातात मेणाची एक वडी दिली. आगपेटीपेक्षा लहान, पांढुरकी, गार. तिच्या आत आतड्याचा नखाएवढा तुकडा आहे. ही वडी मशीनच्या पकडीत बसवायची, चाक फिरवायचं आणि पात्यानं तिचा इतका पातळ काप काढायचा की त्याच्यापुढे डोक्याचा केसही दोरखंडासारखा वाटावा. चाक फिरवताना श्वास रोखायचा. पहिल्या कापाच्या शेपटीला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा, आणि मेणाची एक नाजूक फीत पात्यावरून खाली उतरू लागते. ती ओल्या ब्रशच्या टोकानं उचलायची आणि कोमट पाण्यावर सोडायची. पाणी जास्त तापलं तर तुकडा फाटतो, कमी तापलं तर सुरकुत्या जात नाहीत. पंखा लावायचा नाही. शिंकायचं तर अजिबात नाही. कुणी दार धाडकन उघडलं तर तुमची सगळी मेहनत उडून त्याच्याच बाहीला चिकटते.

आता समजा, त्या वडीत तुमच्या बायकोचं आतडं आहे. तिला जाऊन बरीच वर्षं झालीत. आणि वडीत आता जेमतेम काही काप निघतील एवढंच उरलंय.

मेणकाका त्या सकाळी हेच करायला बसले होते.

वैद्यकीय कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात होतं. बाकी सगळ्यांचे ते मेणकाका. बोटांवर कायम मेणाचा गुळगुळीत थर, शर्टाच्या कफवर जांभळ्या रंगाचे डाग, आणि जवळ गेलं की तुकडे टिकवायच्या फॉर्मेलिनचा बारीक वास. बायको म्हणायची, ‘‘तुम्ही घरी येताय हे मला जिन्यातच कळतं. नाक आधी पोचतं, माणूस मागून.’’

त्यांचे वडील रस्त्यावर कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचे. सायकलला बसवलेला दगड, पायांनी फिरणारा. पोरगा तेच शिकला. त्या काळी मायक्रोटोमचं, म्हणजे काप काढायच्या मशीनचं, पातं पोलादी असायचं आणि रोज दगडावर घासून धारेला लावावं लागायचं. तेव्हाच्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाची बोटं आखडली होती. त्यानं रस्त्यावरून या पोराला हाक मारली, एक बोथट पातं हातात दिलं आणि संध्याकाळी परत आलेल्या पात्यानं स्वतःच्या मनगटावरचा केस उडवून बघितला. ‘‘उद्यापासून येत जा,’’ म्हणाला. पात्याला धार लावायला आलेला पोरगा हळूहळू कापायला शिकला, मग रंगवायला, मग मेणात तुकडा बसवायला. हे शेवटचं काम सगळ्यांत नाजूक. आतड्याचा तुकडा वितळलेल्या मेणात चिमट्यानं उभा धरावा लागतो, मेण गोठेपर्यंत. उभा राहिला तर आतल्या पडद्यापासून बाहेरच्या आवरणापर्यंत सगळे थर ओळीनं दिसतात. आडवा कलला की संपलं. मग दिसतात नुसते गोल गोल ठिपके. आतडं आहे की चाळणी, कळायला मार्ग नाही.

बायको शिंप्याच्या दुकानात काजं करायची. गल्लीत तिला काजवालीच म्हणत. लग्न ठरलं तेव्हा तिच्या थोरल्या भावानं विचारलं होतं, ‘‘मुलगा काय करतो?’’ तर हीच आतून ओरडली, ‘‘तो कापतो, मी शिवते. चालेल की!’’

विभागात विद्यार्थ्यांसाठी पचनसंस्थेच्या स्लाइडची एक लाकडी पेटी होती. खाचेत उभ्या रचलेल्या काचा: जीभ, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, यकृत, स्वादुपिंड. एकेक इंद्रिय कसं असायला हवं, ते दाखवणारी पेटी. त्यातली चार नंबरची, म्हणजे लहान आतड्याची स्लाइड, कायम रड्या पोरासारखी. त्याला कारण होतं. माणूस गेला की आतडं थांबत नाही. त्याच्या आतले रस त्यालाच पचवायला लागतात. आतला पडदा बघता बघता विरघळून जातो. म्हणून चांगलं आतडं हवं असेल तर ते जिवंत माणसाचंच हवं, शस्त्रक्रियेच्या टेबलावरून थेट फॉर्मेलिनमध्ये पडलेलं. आणि धडधाकट माणूस कशाला आतडं काढून देईल? त्या पेटीतला बहुतेक प्रत्येक निरोगी तुकडा कुठल्या तरी आजारी माणसाकडून आलेला होता. रोग कापताना कडेचं जे थोडं चांगलं कापलं गेलं, ते. विद्यार्थ्यांना हे कुणी सांगत नसे आणि ते विचारतही नसत.

काजवालीच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला गाठ निघाली तेव्हा तिची लेक शाळेत होती. त्याच इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली. आदल्या दिवशी मेणकाका तिच्या खाटेशी नुसते बसून होते, चादरीचा कोपरा घडी घालत आणि उलगडत.

‘‘अहो, ते काढलेलं तुमच्याचकडे येणार ना?’’ तिनं विचारलं.

‘‘विभागात येतं. तुझं मी कापणार नाही, दुसरे कापतील. तसा नियम आहे.’’

‘‘आणि तुमची ती चार नंबरची? वर्षानुवर्षं रडताय तिच्या नावानं.’’

‘‘काहीतरीच काय!’’

‘‘काहीतरीच काय त्यात? डॉक्टर म्हणाले, गाठीबरोबर शेजारचं चांगलं लहान आतडंही थोडं जाणार. ते काय बादलीत टाकणार? सगळं तपासून झालं की घ्या तुमच्या पेटीला. पोरांना माझं काहीतरी चांगलं दिसू दे. सासरच्यांना तर कधी दिसलं नाही.’’

तिनं डॉक्टरांनाही तसं सांगितलं आणि रीतसर सही केली.

रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती, कडा स्वच्छ, लसिकाग्रंथी स्वच्छ. पुढे औषधांची गरज नाही, ठरलेल्या वेळी तपासणीला येत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरणीत उरलेल्या चांगल्या आतड्यातून मग मेणकाकांनी एक तुकडा घेतला, मेणात उभा धरला, आणि मेण गोठून गेल्यावरही कितीतरी वेळ चिमटा सोडला नाही.

मनासारखा काप निघेपर्यंत बरीचशी वडी खर्ची पडली, पण ती स्लाइड अशी उतरली की विभागातल्या सगळ्यांनी रांग लावून बघितली. टाके निघाल्यावर काजवालीही आली. स्टुलावर बसली, एक डोळा मिटून मायक्रोस्कोपला लावला, मग दुसरा मिटून बघितला.

‘‘हे माझं?’’

‘‘तुझंच.’’

आतल्या पडद्यावर बोटांसारखे उंचवटे दाटीनं उभे होते, गुलाबी कडांचे. मधून मधून पेल्यांच्या आकाराच्या फिकट पेशी. खाली नळ्यांसारख्या ग्रंथींची रांग, मग रक्तवाहिन्यांची सैलसर जागा, त्याखाली स्नायूंचे दोन थर, एक गोल फिरलेला, एक लांबीनं गेलेला.

‘‘म्हणजे हे अस्तर,’’ ती बोट हवेत फिरवत म्हणाली, ‘‘ही मधली भरण आणि हे बाहेरचं दुहेरी कापड. एक उभ्या धाग्याचं, एक आडव्या. चांगला शिंपी आहे हो. पण अस्तर वरच्या कापडापेक्षा भारी कशाला? आत बसून एवढं नटायचं कुणासाठी?’’

मेणकाका इतके हसले की शेजारच्या खोलीतून कुणीतरी बघून गेलं.

त्यानंतरच्या वर्षी एकदा, शाळेचे गणवेश शिवायचे दिवस होते, घरभर निळ्या कापडाचे तुकडे पडले होते. काजवाली सुई हातात धरून मधेच थांबली.

‘‘आत ओढल्यासारखं होतंय. उजवीकडे.’’

‘‘टाक्यांचं असेल.’’

‘‘टाके सुकून किती दिवस झाले!’’

मेणकाका दुसऱ्या दिवशी कामावर गेले, पेटीतून चार नंबरची स्लाइड काढली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत पुन्हा बघितली, इंच इंच जमीन मोजावी तशी. एकही पेशी वेडीवाकडी नव्हती. संध्याकाळी चपला काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, ‘‘मी आज परत बघितलं. तुझं आतडं आरशासारखं आहे. उगाच मनात काही आणू नकोस.’’

निळ्या कापडातून मान वर करून, सुई हातातच धरून ती त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘तुम्ही पाहिलंय ना? मग झालं.’’

त्यानंतर तिनं ओढल्याचं नाव काढलं नाही. तपासणीची तारीख आली तेव्हा म्हणाली, ‘‘एवढे गणवेश पडलेत. आणि तुम्ही स्वतः पाहिलंय, मग रांगेत उभं राहायला कशाला जायचं?’’ त्यांनीही ताणून धरलं नाही. पुढची तारीखही अशीच गेली. डोळे पिवळे झाले तेव्हा ते आधी लेकीनं ओळखले. रोग यकृतात उतरला होता. शेवटचे दिवस काजवालीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. लेक ओवून द्यायची, ती नुसती हातात धरून बसायची.

ती गेली आणि पेटीतली चार नंबरची स्लाइड तिथंच राहिली. दरवर्षी नवी पोरं यायची. मायक्रोस्कोपला डोळा लावून कुणीतरी हमखास म्हणायचं, ‘‘बापरे, काय सुंदर आहे हे!’’ मेणकाका कोपऱ्यात काचा पुसत असायचे. घरी जाऊन भिंतीवरच्या फोटोला सांगायचे, ‘‘आज परत दृष्ट लागली तुला.’’

पण उजेडानं रंग उडतो. जांभळं करडं झालं, गुलाबी जवळपास गेलंच. मेणकाकांची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि विभागप्रमुख बाईंनी ठरवलं की आता पेटीतली प्रत्येक स्लाइड नव्यानं कापून, रंगवून, तिचं चित्र संगणकावर चढवायचं. म्हणजे पुढच्या कितीही पोरांनी बघितलं तरी ते फिकं पडणार नाही. बाई वयानं मेणकाकांच्या लेकीहून थोड्याच मोठ्या. त्यांना चार नंबरची गोष्ट ठाऊक होती.

‘‘काका, तुमच्या त्या मेणाच्या ब्लॉकमध्ये फार थोडं उरलंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्हाला तो जपून ठेवायचा असेल तर मी दुसरं आतडं बघते. मनाविरुद्ध काही नको.’’

मेणकाकांनी दोन दिवस मागितले आणि एका दिवसात होकार दिला. ठेवून ठेवून काय ठेवणार? मेणातला तुकडा कुणी बघत नाही. एकच चांगला काप निघाला की ती पेटीत राहणार होती, त्यांच्या मागेही, रंग न उडता. बाकी त्यांना काही नको होतं.

अडचण मशीनची होती. प्रत्येक मशीनच्या पकडीचा कल जरा वेगळा असतो. जुनी वडी दुसऱ्या मशीनवर लावली तर तिचं तोंड पात्याला समांतर येत नाही. पहिले काप तिरपे निघतात, एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तोंड सरळ होईपर्यंत तुकडा खर्ची पडतो. भरपूर असेल तेव्हा कुणाला फिकीर नसते. इथं तेवढं नव्हतंच. ही वडी ज्यावर कापली होती ते जुनं मशीन मात्र अडगळीच्या खोलीत कापडाखाली तसंच होतं. मेणकाकांनी शेवटचा काप घेतल्यापासून त्याच्या पकडीचे स्क्रू कुणाला हलवू दिले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणत, ‘‘ते आराम करतंय.’’

त्यांच्या जोडीला विभागात आणखी एक तंत्रज्ञ होता. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, आणि सापडत नाही म्हणून शोधायचा तो तिसरा. त्याला सगळे डबलचष्मा म्हणत. मेणकाकांचा जुना दोस्त. त्याला कळलं की उद्या काका जुन्या मशीनवर बसणार, तेव्हा त्याच्या मनात आलं, काकांचं शेवटचं मोठं काम आहे, आपणही काहीतरी करावं. तो आदल्या दिवशी घरी उशिरा गेला. मशीन बाहेर काढलं, गंज घासला, तेल दिलं, चाक लोण्यासारखं फिरेल असं केलं. आणि पकड जरा वाकडी दिसली, म्हणून ती सरळ करून स्क्रू घट्ट आवळले.

सकाळी मेणकाकांनी वडी बर्फावर गार केली, पकडीत बसवली, श्वास रोखला आणि चाक फिरवलं. पात्यावर उतरला तो पूर्ण काप नव्हता. नखाच्या कोरीएवढा तिरपा कपचा होता.

त्यांचा हात थांबला.

‘‘पकडीला कुणी हात लावला?’’

‘‘मी,’’ डबलचष्मा दारातूनच आनंदानं म्हणाला. ‘‘केवढी वाकडी झाली होती! अगदी ओळंब्यात आणली बघ.’’

मेणकाकांनी मान वळवली. त्यांच्या तोंडाकडे बघूनच डबलचष्म्याला कळलं. त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, डोळ्यांवरचा काढला, आणि दोन्ही हातात धरून उभा राहिला.

‘‘काका... मला वाटलं, तुला बरं वाटेल.’’

‘‘बस तिथं. दार लाव आणि बोलू नकोस.’’

पकड मागे नेऊन उपयोग नव्हता. तो जुना कल आता कुणालाच सापडला नसता. मेणकाकांनी अंदाजानं वडी हलवली, पुन्हा हलवली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पात्याखालच्या ताटलीत पांढरे कपचे पडत होते, आणि प्रत्येकात तिचा एक धागा जात होता. फीत हळूहळू रुंद झाली. शेवटी एक काप पूर्ण निघाला, सगळे थर असलेला. त्यानंतरच्याच कापात मेणाला भोक पडलेलं दिसलं. वडी संपली होती.

तो एकमेव काप पाण्यावर सुरकुती न पडता पसरला. डबलचष्म्यानं तोंडावर हात धरला होता, श्वास लागू नये म्हणून. मेणकाकांनी काच पाण्यात तिरकी सरकवून काप वर घेतला. सुकवला, मेण उतरवलं, आधी जांभळ्यात बुडवला, मग गुलाबीत. वर पातळ काच बसवताना हवेचा बुडबुडाही येऊ दिला नाही.

‘‘निघाली रे,’’ ते म्हणाले. डबलचष्मा खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

मेणकाकांनी स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली. पहिल्या दिवशी होती तशीच. बोटांसारखे उंचवटे, पेल्यांसारख्या पेशी. ‘आलीस,’ ते मनात म्हणाले. मग सवयीनं या कडेपासून त्या कडेपर्यंत बघायला लागले. आज पातं तिरपं शिरलं होतं, आणि आजवर कधी गेलं नव्हतं इतकं खोल.

मधल्या सैल जागेत, एका कोपऱ्यात, एक बारीक पोकळ नळी होती. त्या नळीत एक पुंजका होता. पेशी एकमेकींना चिकटलेल्या, मोठ्या, काळपट केंद्रांच्या, धड ग्रंथी नाही आणि धड काही नाही.

त्यांनी भिंग बदललं. चष्मा पुसला. काच उलटसुलट करून बघितली, दुसऱ्या कुणाचा कण पाण्यातून आलाय का म्हणून. पण पाणी ताजं होतं, आणि पुंजका वर तरंगत नव्हता. नळीच्या भिंतीच्या आत, त्याच पातळीत बसला होता.

बाईंनी स्लाइड बघितली आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

‘‘लसिकावाहिनी आहे,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘तिच्यात तोच रोग. बाहेर पसरायच्या वाटेवर.’’

‘‘म्हणजे तेव्हापासूनच.’’

‘‘हो.’’

‘‘रिपोर्टात तर नव्हतं.’’

‘‘रिपोर्टासाठी घेतलेले तुकडे वेगळे होते. ते मी जुने काढून बघेन, काका. पण त्यांत नसेलच दिसत. एवढासा पुंजका, या एकाच जागी सापडला. सगळं आतडं कुणी काप काप करून बघू शकत नाही.’’

‘‘तेव्हा दिसलं असतं तर औषधं दिली असती?’’

बाईंनी लगेच ‘नाही’ म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. बाईंनाही ते कळत होतं. पण त्या खोटं बोलल्या नाहीत.

‘‘कदाचित दिली असती. कदाचित उपयोगही झाला नसता. मला खरंच सांगता येणार नाही.’’

मेणकाकांनी मान हलवली. मग स्वतःच म्हणाले, ‘‘ही पेटीत नाही जाऊ शकत आता.’’

‘‘नाही.’’

‘‘निरोगी म्हणून तर नाहीच.’’

‘‘रोगांच्या पेटीत ठेवू शकते मी. फार महत्त्वाची आहे ही, पोरांनी बघायला हवी. पण तुम्ही नको म्हणालात तर नको.’’

‘‘ठेवा,’’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘‘तिनं सांगितलं होतं, पोरांना माझं काहीतरी चांगलं दिसू दे.’’ आणि स्लाइड बाईंकडे सरकवली.

चार नंबरच्या खाचेत दुसऱ्या कुणाची तरी स्लाइड आली. ती फिकी पडलेली जुनी काच बाईंनी कागदात गुंडाळून मेणकाकांच्या हातात दिली. डबलचष्मा त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेला. वाटेत म्हणाला, ‘‘मी ते मशीन पुसायलाच नको होतं. तुला कधी कळलंच नसतं.’’

‘‘तुझ्या हातून वाईट काही झालं नाही,’’ मेणकाका म्हणाले. ‘‘घरी जा. आणि एक चष्मा माझ्या टेबलावर राहिलाय तुझा.’’

आता मेणकाका निवृत्त आहेत. लेक सुट्टीच्या दिवशी येते, घर आवरते, आईचं शिवणाचं मशीन पुसते. मेणकाका तिला तेल घालू देतात, स्क्रूला हात लावू देत नाहीत. ती हसते, तिला कारण माहीत नाही. ती गेली की ते खिडकीशी बसतात आणि ती जुनी काच उजेडासमोर धरतात. मायक्रोस्कोप घरी नाही. नुसत्या डोळ्यांना दिसते ती एक करडी रेघ, एक बाजू करवतीसारखी.

या तुकड्यात तर खरंच काही नव्हतं. ते खोटं बोलले नव्हते. दोन वेळा बघितलं होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुंजका होता तो याच्या मागे, मेणात, आणखी थोडा आत. हे सगळं त्यांना समजतं. बाई सांगू शकल्या नाहीत तेही ते सोडून देऊ शकतात. औषधांचं काय झालं असतं, हे कुणालाच कळणार नाही. पण दुसरं एक सुटत नाही. निळ्या कापडाच्या पसाऱ्यात सुई धरून ती जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली होती. तेव्हा ती सुटकेनं बघत होती, की चपलाही न काढता एवढ्या आनंदानं बातमी घेऊन आलेल्या माणसाला आता काय सांगायचं, म्हणून?

ते काच खाली ठेवत नाहीत. भिंतीवरच्या फोटोकडे बघतही नाहीत. त्या करड्या रेघेलाच विचारतात, ‘‘खरं सांग, त्यानंतरही ओढत होतं ना गं तुला?’’